शेजारच्या जुन्या विहिरीला पाणी, माझे दोन बोअर कोरडे. तिसरा ७०० फूट मारू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जोतिबाच्या डोंगराच्या उत्तर अंगाला, वारणेकडे उतरणाऱ्या शिवारात तीन एकर रान आहे. नदीवरच्या उपसा योजनेचं पाणी तिथवर चढत नाही. दोन वर्षांत दोन बोअर झाले, एक ३२० फूट आणि दुसरा ४६० फूट. पहिल्यातून नुसती धूळ निघाली. दुसऱ्याला अर्धा इंच पाणी लागलं, तेही होळीपर्यंत टिकलं. दोन्ही जागा पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून दाखवल्या होत्या. बांधापलीकडं चुलत्यांची ४५ फूट खोल जुनी विहीर आहे, तिला मात्र मार्चअखेरपर्यंत पाणी असतं. आता बोअरच्या गाडीचा एजंट म्हणतोय, ७०० फुटांवर "नदी" आहे, एकदाच काय ते पैसे घाला. घालावेत का? आणि भूजलशास्त्र म्हणतात ते नारळापेक्षा काही वेगळं असतं का?

पहिल्याचं उत्तर दोन शब्दांत: मारू नका. दुसऱ्याचं जरा लांब आहे, कारण ते नीट कळलं तर पहिलं उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल. मी तीस वर्षं आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात विहिरी, बोअर आणि झरे मोजत फिरतोय. मी दिलेल्या जागाही कोरड्या गेल्यात, त्यातल्या एकीची गोष्ट पुढं सांगतो.

सगळ्यात आधी चुलत्यांच्या विहिरीत उतरा. उतरा म्हणजे खरंच उतरा, पायऱ्या असतील तर पायऱ्यांनी, नसतील तर काठावर पालथं पडून बॅटरी मारा. मी ती विहीर पाहिलेली नाही, पण त्या पट्ट्यातल्या बऱ्याच पाहिल्यात. वर तीन-चार फूट माती. मग पिवळट-करडा मुरूम, खाली जाईल तसा घट्ट होत गेलेला. त्याच्या खाली मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा, पांढरे ठिपके असलेला, टिकाव मारला की खपल्या निघणारा खडक. आणि तळाच्या दहा-पंधरा फुटांत काळा पाषाण, ज्यावर सुरुंगाच्या पहारीच्या खुणा अजून दिसतात. आता मार्चमध्ये बघायची गोष्ट अशी, की विहिरीच्या भिंतीला एका ठराविक उंचीवर ओलीची आडवी रेघ असते. तिथं नेच्याची पानं असतात, शेवाळ असतं, कुठंतरी चिरेतून बोटभर पाझर. त्या रेघेच्या वर भिंत कोरडी, खालीही बऱ्यापैकी कोरडी. तुमच्या चुलत्यांचं सगळं पाणी त्या रेघेतून येतं. तळातून येतंय असं वाटतं, पण तळ हा नुसता हौद आहे.

ती रेघ जमिनीपासून किती फुटांवर आहे ते मोजा. पंचवीस असेल, तीस असेल. तो आकडा तुमच्या दोन्ही बोअरच्या खोलीपेक्षा महत्त्वाचा आहे.

असं का, ते समजायला डोंगराकडं बघावं लागतं. आपला जिल्हा बहुतांश दख्खनच्या ट्रॅपवर बसलाय, महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बसलाय तसाच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एकदम नाही आला, पुन्हा पुन्हा येत राहिला. एक थर पसरायचा, निवायचा, त्याच्यावर दुसरा. ट्रॅप या शब्दाचा मूळ अर्थच पायरी. जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या उतारावर कडा, मग सपाटी, मग पुन्हा कडा दिसते, ती ही पायरी. प्रत्येक थराचा तळ आणि मधला भाग घट्ट असतो, तो काळा पाषाण. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहतात, तो मांजऱ्या. दोन थरांच्या मधे कधीकधी लाल मातीचा पट्टा असतो, रस्त्याच्या कापणीत विटेच्या रंगाची रेघ दिसते ना, तोच.

पाषाणात स्वतःचं पाणी नसतं. तो फुटीच्या चिरांत धरेल तेवढंच. मांजऱ्यात भोकं दिसतात म्हणून तो स्पंजासारखा पाणी पितो असं वाटतं, पण ताज्या मांजऱ्याची भोकं एकमेकांना जोडलेली नसतात, आणि पुष्कळदा झिओलाइट नावाच्या पांढऱ्या खनिजानं बुजलेली असतात. तो कुजला, झिजला, त्याला चिरा पडल्या, म्हणजेच जमिनीच्या जवळ आला, तरच त्यात पाणी फिरतं. म्हणून आपल्याकडं पाण्याचा खजिना वरच्या साठ, फार तर शंभर फुटांत. खाली जावं तसा खडक घट्ट होत जातो, चिरा मिटत जातात. त्या वरच्या कातडीतसुद्धा पाणी किती? शंभर घनफूट मुरूम-मांजऱ्या ओला असेल तर त्यातून विहिरीत उतरणारं पाणी एक ते तीन घनफूट. बाकीचा दगडच. गंगेच्या काठच्या वाळूशी बरोबरी करूच नये.

आता तुमचे बोअर कोरडे का गेले ते बघू. गाडी आली, वरचा मुरूम ढासळू नये म्हणून तीस-चाळीस फूट केसिंग पाईप उतरवला, पाषाणात घट्ट बसवला आणि मग हातोडा खाली गेला. बरोबर? म्हणजे चुलत्यांच्या विहिरीला ज्या रेघेतून पाणी मिळतं, ती रेघ तुम्ही पाईप घालून बंद केली आणि खालच्या कोरड्या दगडात पाणी शोधत गेलात. बोअरवाल्याची यात चूक नाही. केसिंग नाही घातलं तर भोक बुजतं, हातोडा अडकतो. साधनाचाच तो स्वभाव आहे. बोअर हे खोलवरच्या चिरा गाठायचं साधन, आणि तुमच्या रानात पाणी उथळ आहे. दुसऱ्या बोअरला जे अर्धा इंच लागलं ते बहुधा केसिंगच्या बुडातून झिरपून येत असावं, म्हणूनच ते चुलत्यांची पातळी उतरली की संपतं. पुढच्या वर्षी दोन्हीकडची तारीख लिहून ठेवा, जोडी जुळते का बघा.

साठवणीचाही फरक बघा. साडेसहा इंची बोअर ३०० फूट तुडुंब भरला तरी त्यात जेमतेम २ हजार लिटर पाणी मावतं. ३० फूट व्यासाच्या विहिरीत नुसतं एक फूट पाणी म्हणजे २० हजार लिटर. आपला खडक पाणी देतो ते थेंबाथेंबानं, रात्रभर. विहीर ते जमा करून ठेवते, सकाळी तुम्ही मोटर चालू करता. बोअरला ही सोयच नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी एवढ्या रुंद विहिरी खोदल्या त्या काही हौसेनं नाहीत.

"७०० फुटांवर नदी" ही कहाणी मी एवढ्या गावांत ऐकलीय की आता हसूही येत नाही. नदीला वाळू-गोटे लागतात, पोकळी लागते, वाहायला उतार लागतो. आपल्या इथून उत्तरेला कोयना भागात, १९६७ च्या भूकंपानंतर तिथं जे धक्के बसत राहिले त्यांच्या अभ्यासासाठी, शास्त्रज्ञांनी दीड किलोमीटर खोलीचे बोअर घेतले. दगडाचे अखंड नमुने बाहेर काढले. एका बोअरमध्ये सुमारे ९३० मीटरपर्यंत बेसॉल्टच बेसॉल्ट, थरावर थर, आणि तो संपला तसा थेट ग्रॅनाइट. मधे जुन्या नदीची वाळूसुद्धा नाही. ९३० मीटर म्हणजे ३ हजार फुटांच्या वर. तुमचे ७०० फूट त्या थप्पीत कुठंतरी मधेच लोंबकळत राहणार. आपल्या जिल्ह्यात दक्षिणेकडं ट्रॅप पातळ होतो हे खरं. गडहिंग्लज, चंदगडकडं काही ठिकाणी त्याच्या खालचे जुने कलादगीचे वालुकाश्म उघडे पडलेत, तिथला हिशेब वेगळा. जोतिबाच्या पायथ्याला ते लागू नाही.

खोल बोअरला कधीच पाणी लागत नाही असं मी म्हणत नाही. लागतं. दोन थरांच्या सांध्यात, एखाद्या मोठ्या उभ्या भेगेत ३०० फुटांवर दोन इंच पाणी उसळलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तिथं वरून पाणी पोचायला वर्षं लागतात. पहिल्या उन्हाळ्यात धो धो, दुसऱ्यात निम्मं, तिसऱ्यात मोटर जळते. आणि एक जास्त वाईट गोष्ट घडू शकते. खोल बोअर वरचा पाण्याचा थर फोडून खालच्या कोरड्या थरात उतरला, की वरचं पाणी त्या भोकातून खाली निथळून जातं. तुम्हालाही मिळत नाही आणि चुलत्यांची विहीर फेब्रुवारीतच बसते. मग बांधावरची भांडणं. एजंटाला फुटामागं पैसे मिळतात आणि खोलीबरोबर फुटाचा दरही चढतो, एवढंच ध्यानात ठेवा.

कायद्याचंही एक सांगून ठेवतो. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खालच्या विहिरीला "खोल विहीर" म्हटलंय. गावच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आतल्या खोदाईवर तर १९९३ पासूनच बंधनं आली. काही करण्याआधी तलाठ्यांकडं किंवा भूजल सर्वेक्षणाच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्या.

आता नारळ. पाणाड्यांना मी शिव्या देणार नाही. त्यातले काही जण जमीन फार चांगली वाचतात. बांधावरचा उंबर, नाल्याचं वळण, वारूळ, कुठं दव जास्त पडतं, हे त्यांच्या नजरेत असतं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं दकार्गल नावाच्या प्रकरणात झाडं आणि वारुळं बघून पाणी कसं ताडायचं हेच तर लिहिलंय. गडबड होते ती नारळ उभा राहिल्यावर. कारण नारळ नुसतं "इथं" म्हणतो. किती फुटांवर, कुठल्या खडकात, मार्चमध्ये किती राहील, हे त्याला सांगता येत नाही. शिवाय ट्रॅपच्या मुलुखात पावसाळ्यानंतर थोडं तरी पाणी बऱ्याच ठिकाणी लागतंच, त्यामुळं नारळाला यश मिळत राहतं. कोरडे गेलेले बोअर कोणी मोजत बसत नाही.

आणि आमचं यंत्रही काही देव नाही. ही ती गोष्ट. नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. हातकणंगले तालुक्यात एका वस्तीवर विद्युत रोधकतेची चाचणी घेतली. म्हणजे जमिनीत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या, बाहेरच्या दोघींतून वीज सोडायची, आतल्या दोघींत दाब मोजायचा, मग बाहेरच्या खुंट्या लांब लांब नेत जायचं. जितकं अंतर वाढवाल तितकी वीज खोल जाते. ओल्या मुरमाला साधारण २० ते ४० ओहम-मीटर येतात, चिरा पडलेल्या खडकाला ४० ते ७०, त्याच्या वर गेलं की पाषाण. माझ्या कागदावर ८० फुटांच्या आसपास आकडा धाडकन दहाच्या खाली उतरला. मी खूश. एवढा कमी रोध म्हणजे भरपूर पाणी! जागा दिली, गाडी आली, सगळी वस्ती जमली, बायकांनी हळदकुंकू वाहिलं. ८५ फुटांवर हातोड्याचा आवाज बदलला, टण्‌टण्‌ चाललेलं एकदम धप्‌धप्‌ झालं, आणि भोकातून लालभडक चिखलाची पिचकारी उडाली. माझा पांढरा शर्ट विटेच्या रंगाचा झाला. त्या लाल मातीच्या थरात ओल होती, पण ती माती ती ओल सोडत नाही. चिकणमातीला वीज आवडते, तिलाही रोध कमीच असतो. यंत्र खरं बोललं होतं, मला ऐकता आलं नव्हतं. दोनशे मीटरवर एक जुनी विहीर होती, तिच्या भिंतीत तो लाल पट्टा स्वच्छ दिसत होता. मी तिच्यात डोकावलोच नव्हतो.

तेव्हापासून नेम आहे: आधी आसपासच्या सगळ्या विहिरींत डोकावायचं, मग डोंगर बघायचा, मग यंत्र काढायचं. नारळात आणि शास्त्रात मला दिसणारा फरक हाच. शास्त्राची चूक झाली तर ती कुठं झाली ते शोधता येतं आणि पुढच्या खेपेला टाळता येते.

डोंगर बघायचा म्हणजे काय? फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात सकाळी रानात उभं राहून जोतिबाच्या उताराकडं बघा. सगळं गवत पिवळं पडलेलं असतं, पण कुठं कुठं हिरव्या झाडीची आडवी पट्टी असते, एकाच उंचीवर. तो दोन थरांचा सांधा. वरच्या थरातून मुरलेलं पाणी खालच्या घट्ट पाषाणावर अडतं आणि कडेनं बाहेर येतं. पन्हाळ्यावर हेच मोठ्या प्रमाणात घडतं. गडाच्या माथ्यावर जांभा आहे, तो पाणी पितो आणि खालच्या खडकावर धरून ठेवतो, म्हणून आजूबाजूच्या मैदानापासून ४०० मीटर उंचीवर अंधारबावीला आणि तळ्यांना पाणी. गडावर पाणी "चढलं" कसं, हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतो. चढलेलं नाही, पडलेलं तिथंच राहिलंय. तुमच्या डोंगरावरची हिरवी पट्टी जर तुमच्या रानाच्या माथ्याजवळून जात असेल तर तुमचं नशीब बरं आहे. ती तुमच्या रानाच्या खालून जात असेल तर तुम्ही पाषाणाच्या पायरीवर बसलाय, आणि मग विहिरीचाही फार भरवसा धरू नका.

आता जरा बोचणारं बोलतो. तुम्ही लिहिलं नाही, पण ही धडपड उसासाठीच आहे ना? हिशेब करू. तुमच्याकडं वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस धरा. एक एकरावर तो पडला म्हणजे ४० लाख लिटर. ट्रॅपमध्ये त्यातलं जमिनीत खोल मुरतं साधारण ७ ते १३ टक्के, म्हणजे सरासरी ४ लाख लिटर. पाटानं एक पाळी द्यायला एकरी पावणेतीन-तीन लाख लिटर लागतात. म्हणजे तुमच्या एकरात वर्षभरात जेवढं मुरलं त्यात त्याच एकराच्या दीड पाळ्या होतात. पाटानं भिजवलेला आडसाली ऊस तर पावसासकट एकरी १ कोटी लिटरच्या घरात पाणी पितो. हे गणित बोअर ७०० फूट नेल्यानं बदलत नाही, कारण वरून येणारं पाणी तेवढंच. नदीकाठचा ऊस राधानगरी-चांदोलीच्या धरणातलं पाणी पितो, त्याच्याशी माळावरच्या विहिरीनं स्पर्धा करू नये.

नदीकाठचीही एक गंमत आहे. आपल्या नावानं साऱ्या राज्यात ओळखला जातो तो कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा संपला की त्याला बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात, नदीचं पाणी अडतं, आणि काठच्या विहिरींची पातळी चढायला लागते. नदी बाजूच्या जमिनीला पाणी देते. जूनच्या आधी बरगे काढले की उलटं, जमीन नदीला देते. भूजल आणि नदी हे दोन वेगळे हिशेब नाहीत. पण हे काठापुरतं. तुम्ही त्या पातळीच्या बरंच वर आहात.

काही जण विचारतात, २०२१ च्या जुलैत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५६ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४३, एवढं पाणी गेलं कुठं, मुरलं का नाही? मुरायला वेळ लागतो आणि जागा लागते. काळी माती एकदा फुगली की वरून कितीही पाणी उभं राहू दे, खाली जात नाही. खालचा मुरूम तोवर भरलेलाच असतो. गगनबावड्यात ५ हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो आणि तिथल्या धनगरवाड्यांना एप्रिलमध्ये घागर घेऊन झऱ्यावर रांग लावावी लागते, तेही याचमुळं. तीव्र उतार, वर पातळ माती, खाली कातळ. आणि शंभर किलोमीटरच्या आत, शिरोळमध्ये, पाऊस ५००-६०० मिलिमीटर आणि जमिनी क्षारपड झाल्यात जास्त पाण्यानं! तिथं पाणी शोधायला नाही, जमिनीखालून सच्छिद्र पाईप घालून पाणी बाहेर काढायला माणसं पैसे घालतात. एकाच जिल्ह्यात दोन्ही. शहरात तर आम्ही तळीच बुजवली. वरुणतीर्थाचं गांधी मैदान केलं, कपिलतीर्थाची मंडई केली, आणि आता गांधी मैदानात पाणी तुंबलं की नवल करतो.

तर तुम्ही काय करायचं. चुलत्यांची विहीर मोजायची, हे पहिलं. दोरीला दगड बांधा, फुटाफुटाला गाठ मारा. दर महिन्याच्या एक तारखेला, मोटर सुरू व्हायच्या आधी, काठापासून पाणी किती खाली आहे ते वहीत लिहा. भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. तुम्ही निदान ते चार महिने चुकवू नका. मग मार्चमध्ये एक दिवस चुलत्यांना विचारून दोन तास मोटर चालवा, पाणी किती उतरलं ते बघा, मोटर बंद करा आणि तासातासाला किती चढतं ते लिहा. विहीर ३० फूट व्यासाची असेल आणि रात्रभरात दोन फूट भरत असेल तर रोजचं ४० हजार लिटर पाणी त्या खडकात आहे. ठिबकवर ऐन उन्हात एकराला रोज २० ते २५ हजार लिटर लागतात. म्हणजे दोन एकरांपर्यंत, तेही चुलत्यांचं आणि तुमचं मिळून.

इथं तुम्हाला ठरवायचंय. त्याच पातळीवर, चुलत्यांच्या विहिरीपासून दोनशे फूट अंतरावर तुम्ही नवी विहीर काढली तर पाणी नवीन येणार नाही, तेच पाणी दोन तोंडांनी प्यायलं जाईल. चुलत्यांचं रान तुमच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते वर असतील आणि तुमच्या रानाच्या खालच्या कडेनं नाला जात असेल, तर नाल्याजवळ जेसीबीनं पंधरा फुटांचा एक खड्डा काढून बघा. एप्रिलमध्ये काढा, पावसाळ्यानंतर नको, तेव्हा सगळीकडंच पाणी दिसतं. मुरूम खाली चालूच राहिला आणि तळाला ओल आली तर तिथं विहीर. सहा फुटांवर पाषाण लागला तर खड्डा बुजवा आणि घरी जा. दिवसाचं भाडं गेलं एवढंच.

नाला नसेल, जागा नसेल, तर मी चुलत्यांशी बोलणी करायचा सल्ला देईन. पूर्वी एकेका विहिरीवर चार घरांच्या पाळ्या असायच्या. त्यांची विहीर, तुमचा खर्च: गाळ काढा, आणि त्या ओलीच्या रेघेत, पाण्याच्या दिशेनं, साठ-सत्तर फुटांचे दोन-तीन आडवे बोअर मारून घ्या. उभ्या बोअरनं ज्या थराला एका टिपक्यापुरतं गाठलं असतं, त्याच थरातून आडवा बोअर लांबवर जातो. आडव्या बोअरनंही पाणी निर्माण होत नाही, फक्त विहीर लवकर भरते. पण मार्चमध्ये लवकर भरणं हेच तुम्हाला हवंय. व्यवहार कागदावर करा, चुलते असले तरी. चुलते आहेत म्हणून तर जास्तच.

त्याच्या जोडीला, रानाच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर समतल चर मारता आले तर मारा, गावानं मिळून केले तर उत्तम. ते पाणी पहिल्याच वर्षी दिसेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वाहून जाणारं गढूळ पाणी पाईपनं थेट बोअरमध्ये सोडायचे उद्योग मात्र करू नका, गाळ चिरांत बसला की असलेलाही पाझर बंद होतो.

अर्धा इंचवाला बोअर राहू दे, घराला आणि जनावरांना हिवाळाभर पुरेल. कोरड्या ३२० फुटी बोअरचं तोंड उघडं आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उघडं असेल तर आधी ते काम करा. पाईपला जाड पत्र्याचं झाकण वेल्डिंग करून घ्या, पोतं आणि दगड ठेवून भागवू नका, रानात पोरं फिरतात. ऑक्टोबर आणि मार्चचे आकडे झाले की कळवा. त्या वहीचा फोटो आणि विहिरीच्या भिंतीचा एक, दुपारी ऊन आत उतरलेलं असताना काढलेला, एवढं पाठवलंत तर ओलीची रेघ बघून पुढचं बोलता येईल.